आयनार, गेर्डा आणि लिली

काही चित्रपट संपल्यावर लगेच कुणाशी बोलावेसे वाटत नाही. २०१५ साली आलेला टॉम हूपर यांचा 'द डॅनिश गर्ल' हा त्यांतलाच एक. कोपनहेगनमधले एक चित्रकार जोडपे. पत्नीच्या चित्रासाठी पतीने गंमत म्हणून स्त्रीवेष चढवला, आणि त्या वेषातून जी स्त्री बाहेर आली ती पुन्हा आत जायला तयार होईना. म्हटले तर कथा एवढीच. पण रेशमी वस्त्रावरून भीत भीत फिरणारा एडी रेडमेनचा हात आणि ते पाहणाऱ्या अलिसिया व्हिकांडरचा चेहरा विसरू म्हणता विसरत नाही. व्हिकांडरला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, तेही साहाय्यक अभिनेत्रीचे. वास्तविक सारा चित्रपट तिच्या डोळ्यांतून आपण पाहतो. तिला साहाय्यक का म्हणायचे हे परीक्षकच जाणोत. आपल्याकडे २०१७ साली दूरचित्रवाणीच्या एका वाहिनीवर हा चित्रपट दाखवायचे ठरले होते. सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र न मिळाल्याने तो बेत ऐनवेळी रद्द झाला. असो.

हा चित्रपट डेव्हिड एबरशॉफ यांच्या २००० सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे आणि ती कादंबरी एका खऱ्या आयुष्यावर. कादंबरीकाराने आपल्या सोयीसाठी पत्नीला कॅलिफोर्नियाची केली, चित्रपटाने तिला पुन्हा डेन्मार्कला आणले, पण सव्वीस वर्षांचा संसार चार-पाच वर्षांत आटोपला. मूळ आयुष्य या दोहोंपेक्षा लांब होते, गुंतागुंतीचे होते आणि माझ्या मते अधिक हलवून सोडणारे होते. तेच येथे सांगावयाचे आहे.

आरंभीच एक अडचण कबूल करतो. मराठीत हे चरित्र लिहायला बसले की पहिल्याच वाक्याला लेखणी अडते. इंग्रजीत नुसते सर्वनाम सांभाळले की भागते. आपल्याकडे क्रियापदही विचारते, गेला की गेली? बसला की बसली? माणसाचे लिंग ठरवल्यावाचून आपल्याला त्याला साधे जेवायलाही बसवता येत नाही. लिलीने स्वतः आपल्या आठवणींत आयनार आणि लिली ही दोन वेगळी माणसे मानली आहेत. तेव्हा जोवर आयनार समोर आहे तोवर 'तो', आणि लिली आली की 'ती', असे मीही लिहिणार आहे. ज्यांना हे खटकेल त्यांनी पदरचे व्याकरण वापरावे.

डेन्मार्कच्या जटलंड भागात वायले नावाचे एक गाव आहे. समुद्राचा एक चिंचोळा फाटा थेट गावापर्यंत आत आलेला, भोवती हिरव्या टेकड्या आणि वर्षातले कितीतरी दिवस धुके. या गावी २८ डिसेंबर १८८२ रोजी आयनार वेगेनरचा जन्म झाला. चित्रे काढण्याची ओढ लहानपणापासून. पुढे तो कोपनहेगनच्या राजेशाही कला अकादमीत शिकायला गेला आणि निसर्गचित्रकार झाला. त्याची चित्रे शांत असत. पाणी, झाडे, जुन्या इमारती, संध्याकाळचा मंद उजेड. माणसे त्यांत फारशी नसतच. १९०७ साली त्याला नॉयहाउसेन पारितोषिक मिळाले, म्हणजे पंचविशीच्या आतच तो जाणकारांच्या नजरेत आला होता. पुढे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांतही त्याची चित्रे लागली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांची अशी समजूत होते की आयनार हा गेर्डाचा कोणी सामान्य नवरा होता. तसे नव्हते. त्या काळी घरातला नावाजलेला चित्रकार तोच होता.

गेर्डा गॉटलीब त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, जन्म १५ मार्च १८८५ चा. एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाची मुलगी. घरचे वळण धार्मिक, आणि मुलीला चित्रकार व्हायचे! ती कोपनहेगनला आली, त्याच अकादमीत दाखल झाली आणि तेथे तिची आयनारशी गाठ पडली. १९०४ साली दोघांनी लग्न केले. गेर्डा एकोणीस वर्षांची होती.

दोघांची कला म्हणजे दोन टोके. आयनार धुक्यात रमणारा, तर गेर्डाला माणसे हवीत, त्यातही स्त्रिया. नटलेल्या, मुरडणाऱ्या, बदामी डोळ्यांच्या, काहीतरी लपवून हसणाऱ्या. तिची रेषा नाजूक आणि धीट होती. १९०७ च्या सुमारास तिने काढलेले एका स्त्रीचे व्यक्तिचित्र प्रदर्शनांनी नाकारले. त्यावरून डॅनिश वृत्तपत्रांत मोठा वाद पेटला. एका बाजूला शेतातली, घामाची, मातीची चित्रे काढणारे आणि दुसऱ्या बाजूला हे नाजूक, शहरी, स्वप्नाळू चित्रण. कोणती कला खरी, अशा थाटाचा तो वाद होता. आपल्याकडे कलेसाठी कला की जीवनासाठी कला म्हणून जे रण माजले त्याची आठवण यावी. गेर्डाचे मात्र त्यात नाव झाले. 'पोलितिकेन' या मोठ्या दैनिकाने घेतलेल्या चित्रस्पर्धेत ती पहिली आली आणि कामे मिळू लागली.

याच सुरुवातीच्या वर्षांत केव्हातरी ती दुपार उजाडली. आना लार्सेन ही कोपनहेगनची त्या वेळची लोकप्रिय नटी. गेर्डा तिचे चित्र काढीत होती. एके दिवशी तिला यायला जमले नाही. चित्र पायांपाशी अडले होते. नटीने निरोप दिला की आयनारलाच बसवा, त्याचे पाय माझ्यासारखेच आहेत. आयनार आधी तयार नव्हता. गेर्डाने आग्रह केला. शेवटी मोजे चढले, झगा चढला. उशिराने आना स्वतः आली, समोरचे दृश्य पाहून खूश झाली आणि या नव्या मुलीचे तिने बारसे करून टाकले, लिली. चित्रपटात हे नाव एका नर्तकीच्या तोंडी घातले आहे. खऱ्या आना लार्सेनने पुढे ऐन भरात रंगभूमी सोडली आणि उरलेले आयुष्य धर्मप्रचारात घालवले. आपण थट्टेत ठेवलेले नाव एका माणसाला जन्मभर पुरले हे त्या बाईला पुढे कधी आठवत असेल का?

मराठी वाचकाला येथे आपले बालगंधर्व आठवणार. काळही तोच, नारायणराव किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले ते १९०५ साली, म्हणजे वेगेनर जोडप्याच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. पुरुषाने स्त्रीचे रूप घ्यावे आणि साऱ्या बायकांनी त्याची नक्कल करावी ही गोष्ट आपल्या आजी-पणजींना मुळीच नवी नव्हती. पण नाटक संपले की शालू उतरत होता आणि नारायणराव राजहंस पुरुषवेषात घरी जात होते. आयनारच्या बाबतीत वेष उतरवल्यावर दुखू लागले. फरक येथे आहे, आणि हा फरक त्याला स्वतःलाही पहिली अनेक वर्षे कळला नव्हता. गंमत आहे, खेळ आहे, गेर्डाला कामासाठी हवे आहे, अशीच तो मनाची समजूत घालीत असे.

१९१२ साली दोघे पॅरिसला जाऊन राहिली. पॅरिसने गेर्डाला डोक्यावर घेतले. 'व्होग', 'ला व्ही पारिझिएन' अशा नियतकालिकांतून तिची चित्रे झळकू लागली. १९२५ साली पॅरिसला सजावटी कलांचे जे जागतिक प्रदर्शन भरले, ज्याच्या नावावरून पुढे 'आर्ट डेको' हा शब्द रूढ झाला, त्यात तिने सुवर्णपदके मिळवली. आणि या साऱ्या वैभवात तिच्या चित्रांतून एकच स्त्री पुन्हा पुन्हा दिसते. उंच मान, अरुंद खांदे, ओठांवर गडद रंग, हातात कधी पिसांचा पंखा, कधी पत्त्यांचा डाव. ही लिली. १९२० सालच्या एका चित्रात ती पिसांचा पंखा घेऊन बसली आहे. १९२८ सालच्या चित्राला तर गेर्डाने 'बदामची राणी' असेच नाव दिले. पॅरिसच्या रसिकांनी ही चित्रे घेतली, भिंतीवर लावली. चित्रातली ती मोहक स्त्री दिवसा त्याच घरात दुसऱ्या खोलीत पुरुषाच्या कपड्यांत निसर्गचित्रे रंगवीत असते हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. बाहेर कुठे जायचे झाले तर लिलीची ओळख आयनारची बहीण म्हणून करून दिली जाई. नाचगाण्यांत, वेषांतराच्या मेजवान्यांत ती मिसळे, पाहुण्यांचे स्वागत करी.

चित्रपटाने नेमकी हीच वर्षे गाळली आहेत. तेथे १९२६ साली पहिला झगा चढतो आणि पाहता पाहता संसार मोडतो. पत्नीच्या पायाखालची जमीन एकाएकी सरकते, तिला रडू कोसळते, प्रेक्षकालाही. प्रत्यक्षात लिली या घरात वीस वर्षांच्या आसपास राहिली होती. तिच्यासाठी कपडे घेतले जात, तिच्या आवडीनिवडी होत्या, तिचे रुसवे होते. गेर्डाने तिला नुसती सहन केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. गेर्डाने तिला रेषा-रेषेने घडवली. कुणी असेही म्हणते की गेर्डाला स्त्रियांचीच ओढ असावी. तिने काढलेल्या शृंगारिक चित्रांत स्त्रियांची परस्परांवरची प्रीती उघडपणे येते हे तर खरेच. या जोडप्याच्या शय्यागृहात डोकावण्याचा आपल्याला अधिकार नाही. एवढे मात्र चित्रांवरून दिसते की लिलीकडे पाहताना त्या बाईच्या नजरेत कीव नव्हती, भयही नव्हते. एखाद्या प्रियकराने आपल्या प्रेयसीला पाहावे तशी ती पाहते आहे. नवऱ्याला गमावणारी दुःखी पत्नी हे चित्र प्रेक्षकांना समजायला सोपे, म्हणून ते निवडले गेले असावे.

दुःख नव्हते असे मात्र नाही. ते आयनारच्या वाट्याला येत होते. पुढे पुढे लिली आली की तो सुखी असे आणि ती गेली की रिकामा होई. प्रकृती ढासळली. नाकातून रक्त येई, पोटात कळा येत, झोप उडाली. तो एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे फिरला. कुणी त्याला वेड लागले म्हटले, कुणी समलिंगी ठरवून हाकलले, कुणी क्षकिरणांचा मारा केला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पॅरिससारख्या शहरात शिकल्यासवरलेल्या वैद्यांची ही तऱ्हा. आपल्या दुखण्याला नावच नसेल तर माणूस काय सांगणार आणि कुणाला? अखेर त्याने ठरवले की वर्षभर आणखी वाट पाहायची. १ मे १९३० पर्यंत काही मार्ग सापडला नाही तर जीवन संपवायचे. तारीख ठरवून टाकल्यावर त्याला थोडे हायसे वाटले असे त्याने पुढे सांगून ठेवले आहे. हे वाचताना अंगावर काटा येतो.

मार्ग सापडला तो जर्मनीत. बर्लिनला १९१९ सालापासून माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टराची लैंगिक विज्ञान संस्था चालत होती. जगातली अशी ही पहिलीच मोठी संस्था. ग्रंथालय, दवाखाना, सल्ला केंद्र, व्याख्याने, सगळे एका छपराखाली. हिर्शफेल्ड ज्यू, समाजवादी विचारांचा आणि समलिंगी व्यक्तींना तुरुंगात टाकणारा जर्मन कायदा रद्द व्हावा म्हणून आयुष्यभर झगडणारा. स्त्री आणि पुरुष यांच्यामध्ये निसर्गाने अनेक पायऱ्या ठेवल्या आहेत, असे तो मानीत असे. आपल्या चित्रपटात या माणसाचे नावही नाही, याचे मला फार आश्चर्य वाटले. आयनारला पहिल्यांदा वेडा न म्हणता तपासणारे जे थोडे वैद्य भेटले, त्यांत तो होता. दुसरा कुर्ट वार्नेक्रोस, ड्रेस्डेनच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा प्रमुख. पॅरिसमध्ये १९३० च्या आरंभी त्याने आयनारचे म्हणणे शांतपणे ऐकले आणि उपाय आहे असे सांगितले.

पहिली शस्त्रक्रिया १९३० साली बर्लिनला झाली. एर्विन गोरबांट या शल्यवैद्याने वृषणे काढली. पुढचे उपचार ड्रेस्डेनला, एल्बे नदीच्या काठी, वार्नेक्रोसच्या हाताखाली झाले. त्यांत स्त्रीबीजकोशाचे रोपणही केले गेले. लिली ही अशी शस्त्रक्रिया झालेली जगातली पहिली व्यक्ती असे पुष्कळदा छापून येते. ते तितकेसे बरोबर नाही. बर्लिनच्या त्याच संस्थेत डोरा रिश्टर नावाच्या स्त्रीवर उपचार आधी, १९२२ पासूनच सुरू झाले होते. डोरा संस्थेतच मोलकरणीचे काम करी. ती गरीब होती, लिली चित्रकाराच्या घरातली. म्हणून एकीवर कादंबरी झाली आणि दुसरीला लोक विसरले.

बरी होऊ लागल्यावर लिलीने आयनारविषयी जे म्हणायला सुरुवात केली ते ऐकून गेर्डालाही चमकल्यासारखे झाले असेल. आयनार मेला, असे ती सांगे. त्याच्या शरीराचा वारसा आपल्याला मिळाला, पण आपण त्याच्याहून वेगळ्या, नुकत्याच जन्मलेल्या. आणि तिने चित्रे काढणे सोडले. कुंचला आयनारचा होता, तो त्याच्याबरोबर गेला. चित्रकार म्हणून वीस-पंचवीस वर्षे कमावलेला हात एका माणसाने आपणहून टाकून द्यावा, ही गोष्ट मला त्या सर्व शस्त्रक्रियांपेक्षा कठोर वाटते. तिला दुसरे काही मागे ठेवायचे नव्हते. तिने नवा जन्म घेतला तो अक्षरशः, मागचे कर्ज आणि मागची पुंजी दोन्ही नाकारून.

आता प्रश्न उरला कायद्याचा. दोन स्त्रियांचा विवाह डेन्मार्कच्या कायद्याला माहीत नव्हता. न्यायालयात घटस्फोट मागावा तर कुणी कुणावर मागायचा? दोघांत भांडण नव्हते, व्यभिचार नव्हता, छळ नव्हता. अखेर प्रकरण राजापर्यंत गेले आणि ऑक्टोबर १९३० मध्ये राजा दहावा क्रिस्तियन याने हा विवाह रद्दबातल ठरवला. लिलीला स्त्री म्हणून नवे पारपत्र मिळाले. त्यावरचे नाव होते लिली इल्से एल्वेनेस. 'एल्बे' हे आडनाव मागाहून एका डॅनिश स्त्री-पत्रकाराच्या लेखणीतून आले, ड्रेस्डेनच्या नदीवरून, आणि तेच जगाने उचलले. म्हणजे या व्यक्तीचे एकही नाव तिचे स्वतःचे नव्हे असे म्हणावे लागते. आयनार आईबापांनी ठेवले, लिली नटीने, एल्बे पत्रकाराने. तिने कागदावर घेतलेले नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

ज्या डेन्मार्कने हा विवाह पुसला तोच देश पुढे, १९८९ साली, समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंद करून घेणारा जगातला पहिला देश ठरला. २०१४ साली तेथे लिंगाची नोंद बदलायला शस्त्रक्रियेची अट राहिली नाही, आपला अर्ज पुरे झाला. राजाच्या सहीपासून साध्या अर्जापर्यंत यायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

विवाह सुटल्यावर दोघींचे पाय वेगळ्या वाटांना लागले. गेर्डाने १९३१ साली फेर्नांदो पोर्ता या इटालियन अधिकाऱ्याशी लग्न केले आणि ती त्याच्याबरोबर मोरोक्कोला गेली. लिलीला घाई कसली असे कुणी म्हणेल, पण तिलाही लग्न करायचे होते. एक फ्रेंच गृहस्थ, पूर्वीपासूनचा स्नेही, तिला मागणी घालून बसला होता. तिला संसार हवा होता आणि मूलही हवे होते. सत्तेचाळीस वर्षे पुरुष म्हणून काढलेल्या आणि अठ्ठेचाळिशीत पोचलेल्या स्त्रीला आई व्हायचे होते! हसू येण्याजोगी गोष्ट नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या घरांतूनही मूल न झालेल्या सुनेला बाई म्हणून पुरते कोण मानीत होते? लिलीने ज्या काळात स्त्री व्हायचे ठरवले त्या काळाची स्त्रीची व्याख्याही तिने जशीच्या तशी स्वीकारली. घर, पती, मूल. गेर्डाने स्वतः ती व्याख्या कधीच मानली नव्हती. तिला मूल नव्हते, तिच्या हातात आयुष्यभर कुंचला राहिला, घराला आधार देणारे पैसेही तीच मिळवीत होती. एका घरात राहिलेल्या या दोन स्त्रियांपैकी जुन्या वळणाची लिली निघाली.

१९३१ च्या जून महिन्यात वार्नेक्रोसने शेवटची शस्त्रक्रिया केली. तिच्या शरीरात गर्भाशय बसवले, योनिमार्ग तयार केला, असे सांगितले जाते. परके इंद्रिय शरीर स्वीकारीत नाही, त्याच्याशी झुंजते, हे तेव्हाच्या वैद्यांना कळू लागले होते. पण ती झुंज आवरणारी औषधे यायला अजून तीसेक वर्षे अवकाश होता. पेनिसिलीनचा शोध फ्लेमिंगला १९२८ सालीच लागला होता, तरी रुग्णाच्या हाती ते पडायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. डॉक्टराने हे धाडस करायला हवे होते का? या प्रश्नावर मी बराच विचार केला. एका बाजूला वाटते की नव्या वाटेच्या नादात त्याने तिचा बळी दिला. दुसऱ्या बाजूला, त्याने नाही म्हटले असते तर तिने ते ऐकले असते का? मृत्यूची तारीख एकदा ठरवून बसलेल्या माणसाला शस्त्रक्रियेचे भय किती वाटणार? दोघेही एकमेकांच्या आशेवर जगत होते, इतकेच म्हणता येते. जखम चिघळली, हृदय थकत गेले आणि १३ सप्टेंबर १९३१ रोजी ड्रेस्डेनमध्ये लिलीने डोळे मिटले. वय अठ्ठेचाळीस. स्त्री म्हणून कायद्याने मान्य झालेले आयुष्य तिला पुरते वर्षभरही लाभले नाही.

चित्रपटात शेवटच्या क्षणी गेर्डा तिच्या उशाशी आहे. प्रत्यक्षात गेर्डा तेथे नव्हती.

हिर्शफेल्डही तेथे नव्हता. १९३० च्या अखेरीस तो जगाच्या सफरीला निघाला होता आणि १९३१ च्या उत्तरार्धात हिंदुस्थानात व्याख्याने देत फिरत होता. मुंबईही त्याने पाहिली. त्या मुंबईत तेव्हा र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढीत होते आणि त्याच वर्षी अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना न्यायालयात उभे केले गेले. बर्लिन आणि मुंबई यांत एरवी किती अंतर! शरीराविषयी स्वच्छ बोलणाऱ्याला दोन्ही गावी सारखीच वागणूक मिळाली. हिर्शफेल्डला पुन्हा मायदेशी जाताच आले नाही. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी त्याची संस्था लुटली. विद्यार्थ्यांनी, हे वाचताना आपण जरा थांबावे. १० मे रोजी हजारो पुस्तके चौकात जाळली गेली. परदेशात असलेल्या हिर्शफेल्डने ते दृश्य पॅरिसच्या एका चित्रपटगृहात वार्तापटात पाहिले. दोन वर्षांनी तो फ्रान्समध्येच वारला. ड्रेस्डेनच्या रुग्णालयातले लिलीचे कागद १९४५ च्या बाँबहल्ल्यात गेले. त्यामुळे तिच्यावर नेमके काय काय केले गेले याचा पुरावा एका पुस्तकापुरता उरला.

ते पुस्तक म्हणजे लिलीच्या आठवणी. आपली कथा छापली जावी अशी तिची इच्छा होती. तिची पत्रे, टिपणे आणि सांगितलेल्या हकिकती एकत्र करून, त्यांवर बराच हात फिरवून एका पत्रकाराने नील्स हॉयर या टोपणनावाने ते सिद्ध केले. १९३१ च्या अखेरीस ते डॅनिशमध्ये निघाले, पुढच्या वर्षी जर्मनमध्ये आणि १९३३ साली इंग्रजीत. त्यात आयनार, गेर्डा, वार्नेक्रोस साऱ्यांची नावे बदलली आहेत. संपादकाने कुठे आपल्या पदरचे घातले आणि कुठे लिली बोलते आहे हे ओळखणे अवघड. तरीसुद्धा पुढच्या काळात अनेक एकाकी माणसांच्या हाती हे पुस्तक पडले, आणि आपल्यासारखे आणखी कुणी जगून गेले आहे हे त्यांना प्रथमच कळले.

गेर्डाचे पुढे काही बरे झाले नाही. पोर्ताशी पटले नाही, जमवलेला पैसा संपला, १९३६ साली घटस्फोट झाला. १९३८ साली ती डेन्मार्कला परतली. पण फॅशन बदलली होती. साध्या, सरळ रेषांचा जमाना आला होता; बदामी डोळ्यांच्या नाजूक स्त्रिया आता कुणाला नको होत्या. १९३९ साली तिने शेवटचे प्रदर्शन भरवले. हाताने रंगवलेली भेटकार्डे विकून ती दिवस काढी. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या आणि जुलैच्या २८ तारखेला गेर्डा वारली. मागे राहिलेल्या किरकोळ चीजवस्तूंचा लिलाव झाला. तिच्या पश्चात ही चित्रे पन्नास-साठ वर्षे कुणी फारशी विचारली नाहीत.

चित्रपट आला त्याच सुमारास, २०१५ च्या अखेरीस, कोपनहेगनजवळच्या आर्केन या संग्रहालयाने गेर्डाच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. लोकांची रीघ लागली, मुदत वाढवावी लागली. पंखा घेतलेली लिली आणि बदामच्या राणीतली लिली एका छताखाली आल्या. रेडमेनचे मात्र पुढे मन बदलले. ही भूमिका आपण घ्यायला नको होती, अशी कबुली त्याने २०२१ साली दिली. लिलीसारखे जीवन जगणाऱ्या नटीलाच ती मिळायला हवी होती, असा आक्षेप चित्रपट निघाला तेव्हापासूनच होता. मला स्वतःला त्याचे काम आवडले, पण आक्षेपही पटतो.

ड्रेस्डेनला ट्रिनिटाटिस नावाची दफनभूमी आहे. लिलीला तेथे पुरले होते. पुढे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ती कबर सपाट करण्यात आली आणि जागेवर काही खूण राहिली नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये तेथे नवा दगड बसवला गेला. खर्च चित्रपटाच्या निर्मात्यांनी केला.